दीड हजार वर्षांची सवत

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि संस्थेचे संचालक, माननीय फांग साहेब. प्रांताच्या कृषी खात्यातून वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे. व्यासपीठावर विराजमान झालेले आजी-माजी संशोधक. नानयाओ गावाहून पहाटेच्या गाडीनं आलेली शेतकरी मंडळी. ज्यांच्यासाठी हा सगळा थाट मांडला ते सत्कारमूर्ती, प्राध्यापक लुआन शौथियान. आणि नवरा आला म्हणून आपणही यायचं असतं, एवढ्याच कारणानं मागच्या रांगांत बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

आपणां सर्वांना माझा विनम्र नमस्कार.

पत्रिकेत माझं नाव शोधू नका, ते नाही. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘प्राध्यापक लुआन यांच्या कुटुंबाचे मनोगत’ असं छापलंय. तर ते कुटुंब म्हणजे मी. नाव मू श्यूचिन. वेइफांगच्या पतंगांच्या कारखान्यात मी आयुष्यभर फुलपाखरांचे पंख रंगवले. आपल्या संस्थेच्या विषयातलं मला फारसं कळत नाही, आणि इतकी वर्षं ऐकून ऐकूनही कळलं नाही, यात माझाच हट्ट असावा.

माझ्या आधीचे सगळे वक्ते फार सुंदर बोलले. प्रत्येकानं सांगितलं की लुआन सरांनी आपलं आयुष्य जुन्या शेतीविद्येला वाहिलं. खोटं काहीच नाही त्यात. पण त्या आयुष्यात थोडं माझंही होतं. ते वाहताना मला कुणी विचारलं नव्हतं. आज मात्र विचारलंय, आणि म्हणूनच मी या माइकसमोर उभी आहे.

आडपडदा कशाला ठेवायचा? सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे आणि उरलेल्यांना चहाच्या वेळी कळलं असेल. गेल्या आठवड्यात फांग साहेब आमच्या घरी आले. हातात पीचची पेटी. मोठ्या आदरानं म्हणाले, “वहिनी, सर निवृत्त होताहेत ते कागदावर. नानयाओचं प्रयोगाचं शेत त्यांच्याशिवाय चालणार नाही. आणखी पाच वर्षं आम्ही त्यांना मानानं पुन्हा बोलावतोय. त्यांनी गावातच राहावं, संस्था खोली देईल. सर म्हणतात, तुमचा होकार असेल तर. निरोपाच्या दिवशी तुम्ही दोन शब्द बोला, त्यातच होकार देऊन टाका. सगळ्यांसमोर किती शोभून दिसेल!”

मी यांच्याकडे पाहिलं. हे लसूण सोलत बसले होते. घरात लसूण सोलायचा नव्हता. तरी सोलत होते.

तर मंडळी, मला इथं शोभून दिसायचं आहे. त्याआधी मात्र माझी एक तक्रार ऐकून घ्या. इतकी वर्षं ती ऐकवायला मला एवढं मोठं सभागृह मिळालं नव्हतं.

मला सवत आहे.

हसू नका. मागच्या रांगेतल्या बायका हसत नाहीयेत बघा. माझी सवत पुरुष आहे, त्याला दाढी आहे, आणि त्याला जाऊन दीड हजार वर्षं झाली. उत्तरेत वेई घराण्याचं राज्य होतं तेव्हाचा आपल्याच भागातला एक सरकारी कारभारी. नोकरी सोडून घरी आला, शेती केली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत हिंडला आणि नांगरणीपासून लोणच्यापर्यंत सगळं लिहून ठेवलं. तुम्ही त्यांना पूर्ण नावानं, हात जोडून संबोधता. आमच्या घरात त्यांना ‘थोरले’ म्हणतात. थोरले म्हणतात बाजरी अशी पेरावी. थोरले म्हणतात सुगीनंतर जमीन अशी ठेवावी. सासू वारली की सुनेचं राज्य येतं म्हणतात. हे थोरले मरूनच आमच्या घरात आले, आता त्यांना आणखी काय होणार?

आमची पहिली भेट मध्यस्थ बाईंनी बागेत ठरवली होती. मी नवा जांभळा स्वेटर घालून गेले. हे आले, बाकावर बसले, आणि माझ्याकडे न बघता बाकामागचं नासपतीचं झाड बघायला लागले. मग बोलायला सुरुवात केली ती थोरल्यांपासून. थोरले असं सांगतात, थोरल्यांना हे पटलं नसतं. मला वाटलं, चुलते असतील, एकत्र कुटुंब असेल. मी जपून विचारलं, “त्यांची तब्येत बरी असते ना?”

हे गंभीरपणे म्हणाले, “वारले ते.”

“अरेरे. कधी?”

“वेई घराण्याच्या अखेरीला.”

मी घरी जाऊन आईला म्हटलं, मुलगा चांगला आहे, घरात वडीलधाऱ्यांचा जाच नाही. त्याच वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत आमचं लग्न झालं. इतकी मोठी चूक हिशेबात मी कारखान्यात कधी केली नाही.

लग्नानंतरचं पहिलं नववर्ष. पहाटे जाग आली तर शेजारी कुणी नाही. फटाके नुकते वाजायला लागलेले, अंगणात उजाडायचं होतं, आणि बाहेरून ठक ठक आवाज. केस न विंचरता तशीच दारात आले. पाहते तर नवरा नव्या कोटात, हातात कुऱ्हाड, आणि अंगणातल्या बोरीला पात्यानं ठोके घालतोय…

काय? माइकमध्ये येऊ द्या. ऐकलंत का सगळ्यांनी? हे म्हणताहेत, “पात्यानं नाही, पाठीनं!” बरं बाई, पाठीनं. पात्यानं मारलं तर झाड मरेल. चुकलं माझं.

तर कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोके घालत होते. शेजारच्या थंग काकू भिंतीवरून डोकावल्या. त्यांची जीभ सगळ्या गल्लीला माहीत होती. “अरे लुआन, त्या झाडानं तुझं काय घोडं मारलंय?”

हे म्हणाले, “काकू, बोरीचं लग्न लावतोय. नववर्षाच्या सूर्योदयाला लावावं लागतं. नाहीतर नुसती फुलते, फळ धरत नाही.”

“लग्न लावतोयस? मग दारात ती झिंज्या सोडून उभी आहे, ती कुणाची बायको?”

आपल्याकडे ही रीत खेडोपाडी आहे, ती नवी नव्हती मला. माझे आजोबाही बोरीला ठोकायचे. पण माझे आजोबा आधी आजीला गोड रव्याचे गोळे खाऊ घालायचे, मग कुऱ्हाड घ्यायचे. आमच्याकडे क्रम उलटा. त्या वर्षी शरदात बोरीच्या फांद्या फळांनी जमिनीला टेकल्या. थंग काकूंनी टोपलीभर बोरं मागून नेली आणि जाता जाता म्हणाल्या, “बघ गं, लग्न लावल्याबरोबर झाडाला पोरं झाली. तुझं कधी?”

मी त्या बोरीचा मत्सर केला. नीट ऐका, मी एका झाडाचा मत्सर केला. शिकल्यासवरल्या लोकांच्या या सभेत असं काही बोलू नये, पण माझ्या पोटात जे जळत होतं त्याला दुसरं नाव नाही.

पुढे मुलगी झाली. काकूंचं तोंड बंद झालं. नाव ठेवायच्या वेळी मी दहा नावं काढली होती, जाई, चांदणी, ढग, पाऊस. यांनी नाव ठेवलं मायस्वेई, गव्हाची ओंबी. आज ती छिंगदाओला असते. आली नाही, मुलाची परीक्षा आहे. तिनं सांगितलंय, आई, भाषणात रडू नकोस आणि बाबांना रडवू नकोस. यांना रडवणं तसं सोपं नाही. एकदाच रडताना पाहिलं मी. थोरल्यांनी कुठंसं लिहिलंय म्हणे, की एका वसंतात गोठलेलं दहिवर पडणार हे त्यांना कळलं होतं, पण बागेत धुराच्या शेकोट्या पेटवायला उशीर झाला आणि नासपतीचा सगळा मोहर करपला. तेवढं वाचून हे डोळे पुसत होते. दीड हजार वर्षांपूर्वीचा मोहर! माझी आई गेली तेव्हा यांनी सगळं रीतसर केलं. पांढरं कापड, कागदाची फुलं, नातेवाइकांची जेवणं, कुठं बोट ठेवायला जागा नाही. पण डोळे कोरडे. मी रागावले नाही तेव्हा. माणसं दुःख वेगवेगळ्या तऱ्हेनं करतात, असं स्वतःला सांगितलं. तो मोहर मात्र मी विसरले नाही.

आता प्रमुख पाहुण्यांनी मघाशी ज्या बियाण्याच्या लेपाचं कौतुक केलं, त्याबद्दल. तुम्ही तो प्रयोगशाळेत पाहिला. मी तो माझ्या स्वयंपाकघरात पाहिलाय. बर्फ वितळवलेल्या पाण्यात हाडं उकळायची, त्यात बचनाग भिजवायचा, मग मेंढ्यांच्या लेंड्या कालवून…

हो, हो. “आणि रेशीमकिड्यांची विष्ठा.” राहिलीच ती. उभं राहून सांगायची गरज नव्हती.

तर हे सगळं रटरटत होतं माझ्या माहेरच्या लोखंडी कढईत. आईनं रुखवतात दिलेली कढई. त्यात दुपारी माझे वडील गावाहून आले. थंडीत चालून आलेला माणूस, भूक लागलेली. झाकण उचलून म्हणाले, “वा! आज जावई उदार झालाय!” आणि डाव बुडवला. हे अंगणातून ओरडत आले, “बाबा, थांबा! ते गव्हासाठी आहे! विष आहे त्यात!”

वडिलांनी डाव खाली ठेवला. म्हणाले, “गव्हाला हाडांचा रस्सा. आणि सासऱ्याला?”

हे म्हणाले, “भाकरी आहे. कांद्याची पात आहे.”

वडील जेवले निमूट. निघताना फाटकाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, “श्यूचिन, माणूस वाईट नाही. पण या घरात आधी बियाणं जेवणार, मग तू.”

कढई टाकून द्यावी लागली. बचनाग शिजलेल्या लोखंडात कोण स्वयंपाक करणार? मी रडले. तेव्हा यांनी माफी मागितली हो, अगदी मनापासून मागितली. म्हणाले, “थोरल्यांनी मातीचं भांडं सुचवलं होतं, मी घाई केली, माझं चुकलं.” मी वाट बघत होते, माझं नाव कधी येतं. आलं नाही. माफी थोरल्यांची मागून झाली होती.

असं वाटेल की ही बाई नवऱ्याच्या कामाला नावं ठेवायलाच आलीय. तसं नाही. नानयाओची मंडळी समोर बसलीत. मियाओ दादा, तुम्हाला ते दुष्काळाचं वर्ष आठवतंय? आसपासच्या शिवारात गहू पिवळा पडून वाकला होता, आणि यांनी थोरल्यांच्या पद्धतीनं खड्डे काढून, फक्त खड्ड्यांपुरतं खत आणि फक्त खड्ड्यांपुरतं पाणी देऊन केलेला तुकडा तेवढा हिरवा उभा होता. दुसऱ्या गावचे लोक सायकली टाकून बघायला यायचे. मी ट्रॅक्टरवर बसून गेले होते तो बघायला. यांच्या हाताला फोड आले होते, मान काळवंडली होती, आणि लहान मुलाला नवा पतंग मिळाल्यावर होतो तसा चेहरा झाला होता. अभिमान वाटला मला. छाती भरून आली. एवढ्यात मियाओ दादा म्हणाले, “सर, डोकं थोरल्यांचं आणि हात तुमचे!” आणि हे इतके खूश झाले, इतके खूश झाले, की माझा अभिमान तिथंच आंबला. मी म्हटलं असतं की किती छान केलंत, तर एवढे खूश झाले नसते. म्हणून मी म्हटलंच नाही. ट्रॅक्टरवर बसून परत आले.

आपल्या फाटकातला पुतळा तर सर्वांनी येताना पाहिलाच असेल. थोरल्यांचं चित्र जगात कुठंही नाही. मग मूर्तिकारानं काय केलं? संस्थेत येऊन बसला आणि यांचाच चेहरा घेऊन त्याला दाढी लावली! आता दर वर्षी वसंतारंभाला तुम्ही त्याच्या खांद्यावर रेशीम घालता, फुलं वाहता. माझ्या नवऱ्याचं तोंड घेऊन तो तिथं उभा आहे, आणि माझ्या नवऱ्यासारखाच, मी समोरून गेले तरी दुसरीकडेच बघतो.

एक काळ असाही होता की लोक मला भलतीच सहानुभूती दाखवायचे. डॉ. निंग लानथिंग, तिसऱ्या रांगेत बसलीयेस तू, लाजू नकोस, आता हसण्यावारी न्यायचं वय झालंय दोघींचं. ही तेव्हा नवी विद्यार्थिनी होती, हुशार, देखणी, आणि यांच्याबरोबर दिवसदिवस शेतात. कारखान्यातल्या बायका मला म्हणाल्या, “श्यूचिन, लक्ष ठेव.” मला हसू आलं. जिवंत बाईची कसली भीती? ती कधी दमते, कधी चिडते, तिचे केस पिकतात, एक दिवस तिचं लग्न होतं. मेलेल्या माणसाचं काही काही होत नाही. तो चुकत नाही, शिळा होत नाही, भांडत नाही. यांच्या मनातली त्याची जागा एकदाही रिकामी झाली नाही.

पण लानथिंगकडे पाहताना मला दुसरंच काही दिसतं. गेली कित्येक वर्षं ती नानयाओला पेरते, मोजते, निंदते. गाव तिला आत्या म्हणतं. आणि शेताच्या बांधावरच्या पाटीवर अजून ‘प्राध्यापक लुआन’ एवढंच आहे. ती काही बोलत नाही. फक्त दर वेळी यांनी शेतात पाऊल टाकलं की ती दोन पावलं मागं सरते. ते मागं सरणं मला ओळखीचं आहे. माझ्या घरात मी तसंच मागं सरत आले. लानथिंग, तुला जळायला होतं की नाही, खरं सांग. नको, इथं नको सांगूस, तुझे साहेब बसलेत.

नासपतीच्या कलमाबद्दल जुने जाणते काय सांगतात ते हे आमच्या पाहुण्यांना जेवताना नेहमी सांगतात, म्हणून मला पाठ आहे. जून फांदीचं कलम बांधलं तर फळ लवकर येतं, पण झाड बेढब वाढतं. कोवळ्या फांदीचं बांधलं तर फळाला उशीर होतो, झाड मात्र देखणं होतं. फांग साहेब, तुमच्या हाताशी कोवळी फांदी असताना तुम्ही पुन्हा जून फांदीच का मागताय? या वेळी कलमाबद्दल मी काही चुकीचं बोलले नाही ना हो? नाही. हे मान हलवताहेत. बरोबर आहे म्हणे.

आता मला एक गंमत सांगायची आहे. खरं तर गंमत नाही.

मघाशी मी कुऱ्हाडीचं पातं म्हटलं, यांनी बसल्या जागेवरून दुरुस्त केलं. लेपातली रेशीमकिड्यांची विष्ठा विसरले, तर उठून उभे राहिले. त्या आधी मी तुम्हाला सांगितलं होतं की आमचं लग्न कापूस वेचणीच्या दिवसांत झालं. हे इथंच बसले होते. ऐकत होते. काही बोलले नाहीत.

आमचं लग्न कापूस वेचणीच्या दिवसांत झालं नाही. ते झालं उन्हाळ्याच्या तोंडाशी. वरात शेतांच्या कडेनं आली, तेव्हा दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या भरत होत्या. यांनी वाटेत गाडी थांबवून एक ओंबी तोडली, चोळून दाणे काढले आणि अर्धे माझ्या तळहातावर ठेवले. हिरवे, दुधाळ दाणे. मला वाटलं हे माझ्यासाठी आहे. मुलीचं नाव ओंबी ठेवलं तेव्हाही मला वाटलं, त्या दिवसाची आठवण म्हणून ठेवलं. मी कधी विचारलं नाही, उलट कळलं तर काय करायचं म्हणून. अहो, निदान त्या गव्हासाठी तरी तो दिवस आठवायला हवा होता.

नाही, आता उठू नका. आता आठवलं, ते कळलं मला. बसा.

मला यांचा अपमान करायचा नाही. हे सभेपुढे खाली मान घालून बसले, याचा मला आनंद झालेला नाही. होईल असं वाटलं होतं, पण झाला नाही.

फांग साहेब गेल्यावर त्या संध्याकाळी आम्ही दोघं सोललेल्या लसणाच्या ढिगापुढं बसलो होतो. मी विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

हे म्हणाले, “तू म्हणशील तसं.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

“पिकांची एक फेरी पुरी व्हायची राहिलीय. ती झाली की थोरल्यांचं म्हणणं पक्कं होतं.”

“आणि छिंगदाओ? मायस्वेईनं आपल्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. तुम्ही म्हणाला होता, निवृत्त झालो की समुद्राजवळ राहू. मी जन्मभर पतंग केले, समुद्रावर एकही उडवला नाही.”

“समुद्र कुठं पळून जातोय?” हे म्हणाले. चिडून नाही. समजुतीनं म्हणाले. फार समजूतदार माणूस आहे हो हा.

मी त्यावर उत्तर दिलं नाही. आज देते. समुद्र पळत नाही. नानयाओची जमीन पळत नाही. थोरले तर दीड हजार वर्षं आहेत तिथंच आहेत, त्यांचं म्हणणं आणखी पाच वर्षं कच्चं राहिलं तर त्यांना ताप येणार नाही. पळतेय ती मी. जिना चढताना माझा गुडघा वाजतो, सुईत दोरा ओवायला शेजारच्या सुनेला हाक मारावी लागते. तुमच्या सगळ्यांच्या हिशेबात वेळ ज्याला भरपूर आहे त्यालाच तुम्ही आणखी वेळ देताय. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून शोभून दिसेल असा होकार मागताय.

या समारंभांत घरच्या बाईनं काय बोलायचं असतं ते मला माहीत आहे. ‘मी सदैव त्यांच्या पाठीशी उभी राहिले, पुढेही राहीन, देशाला त्यांच्या विद्येची गरज आहे, तिथं माझा काय पाड.’ मग टाळ्या. मग फांग साहेब उठून लाल रेशमी फीत लावलेलं मानपत्र यांच्या हातात देणार, छायाचित्रकार मलाही मध्ये घेणार. त्या टाळ्या कानावर आल्या तर त्या मोडायची हिंमत माझ्यात राहणार नाही, म्हणून कृपा करून कुणी टाळी वाजवू नका.

माझा होकार नाही.

नाही, फांग साहेब, माइकमध्ये काही बिघाड नाही. आपण विचारलंत, मी सांगतेय. माझा होकार नाही. यांना मी घरी घेऊन जातेय, आणि महिना उलटायच्या आत छिंगदाओला. नानयाओचं शेत डॉ. निंगला द्या, आणि पाटीवर तिचं नाव लिहा. थोरले इथंच राहतील. इथं त्यांची बडदास्त चांगली आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या नव्या खोलीत त्यांच्यासाठी खाट नाही. हे आठवड्याभरात उदास होतील, खिडकीतून समुद्राकडे बघत कुठली माती असेल म्हणून विचारतील, माझ्यावर मनातल्या मनात रुसतील. रुसू देत. निदान माझ्यावर रुसतील. इतकी वर्षं तेवढाही मान मला मिळाला नाही.

हे मान डोलावताहेत. विचार करून डोलावताहेत की सवयीनं, ते मला इथून नीट दिसत नाही.

असो. आपण मला बोलायची संधी दिलीत, आणि घड्याळाकडे पाहत असूनही मध्येच थांबवलं नाहीत, याबद्दल अध्यक्ष महोदयांची मी ऋणी आहे. प्रमुख पाहुणे इतक्या लांबून आले, नानयाओची मंडळी कामं टाकून आली, व्यासपीठ सजवणाऱ्यांनी, चहा-फराळ सांभाळणाऱ्यांनी कालपासून राबून हे सारं उभं केलं, त्या सर्वांचे मनापासून आभार. सभेत बोलायची मला सवय नाही. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कुठं जास्त तिखट बोलले असेन, खताचं किंवा बियाण्याचं काही इकडचं तिकडं झालं असेल, तर माझं अज्ञान समजून मोठ्या मनानं क्षमा करावी.

फक्त एवढीच विनंती आहे की मघाचं ते ‘नाही’ त्या चुकांत धरू नये.